एक मूळ नकाशा आणि त्याच्या अनेक प्रती

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडीव दगड, शिखर, कळस आणि प्राणप्रतिष्ठेचा सोहळा उभा राहतो. परंतु पहिला दगड हलविण्यापूर्वी कित्येक महिने काम चालू असते ते कागदावर. वास्तुविशारद प्रथम मूळ नकाशा तयार करतो. गाभारा, अंतराळ, सभामंडप, खांबांच्या जागा आणि भिंतींची जाडी ही त्यात मांडलेली असतात. मग त्याच नकाशावर आर. सी. सी. सल्लागार आपले पाये व तुळया काढतो, वायरमन तारांचे मार्ग काढतो, प्लंबर पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्या दाखवितो आणि पाथरवट एकेका थराचे माप उतरवून घेतो. पाहता पाहता एका नकाशाचे पाच नकाशे होतात. त्यानंतर मूळ नकाशात एखादा बदल झाला, तर तो उरलेल्या चारांना कसा कळावयाचा? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधण्यात माणसाची कित्येक शतके गेली आहेत.

हा प्रश्न केवळ नकाशांचाच आहे असेही नाही. वारकरी संप्रदायात त्याचे एक थोर उदाहरण आहे. श्री ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध केली. पुढे ती हाताने उतरवून घेतली जाऊ लागली. उतरविणाऱ्याने कोठे अक्षर चुकविले, कोठे न समजलेला शब्द बदलून सोपा केला, कोठे पदरची ओवी घातली. पुढचा लेखक ती सदोष प्रतच प्रमाण मानून तीवरून आणखी एक प्रत करी. सुमारे तीनशे वर्षांनी मूळ पाठ कोणता हेच सांगणे कठीण झाले, तेव्हा श्री एकनाथ महाराजांनी अनेक प्रती ताडून पाहून शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली भर घालू नये असे निक्षून बजावले. प्रतीवरून प्रत होऊ लागली की मूळ हरवते, हे नाथांनी नेमके ओळखले होते. ग्रंथातील अशुद्ध ओवी शोधून काढता येते, पण चुकीच्या प्रतीवरून तासलेला दगड पुन्हा मोठा करता येत नाही. म्हणून बांधकामात हा दोष अधिकच महाग पडतो.

जुन्या काळी स्थपतींनी या अडचणीवर जो तोडगा काढला होता तो पाहण्यासाठी मध्य प्रदेशात भोपाळजवळ बेतवा नदीच्या काठी भोजपूर येथे जावे लागते. तेथील भोजेश्वराचे शिवमंदिर अकराव्या शतकातील असून परमार राजा भोज याच्या नावाशी ते जोडलेले आहे. मंदिर पुरे झाले नाही आणि ते पुरे न झाल्यामुळेच कारागिरांची सारी रीत उघडी राहिली. दगड वर चढविण्यासाठी मंदिरामागे घातलेला मातीचा उतार काही अंशी शिल्लक आहे. दगडांवर घडविणाऱ्यांच्या खुणा आहेत. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे आसपासच्या खाणीतील सपाट खडकांवर मंदिराचे नकाशेच कोरलेले आहेत! तळविन्यास, खांब, थरांच्या घडणी आणि शिखर यांच्या रेषा खडकावर टाकीने खोदून ठेविल्या आहेत. त्यांत न बांधल्या गेलेल्या भागांच्याही आकृती आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने हे खडक राखून ठेविले आहेत.

या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही उघड आहेत. खडक कोणाला घरी नेता येत नव्हता. त्यामुळे शंका आली की पाथरवट, गवंडी व मुख्य स्थपती यांना त्याच एका खडकापाशी यावे लागे. नकाशा एक, जागा एक, माप एक. बदल करावयाचा तर तो सर्वांच्या देखत, टाकीने करावा लागणार, आणि जुनी रेष पुसता येत नसल्याने काय बदलले तेही दिसत राहणार. परंतु ज्या कामाची माणसे चार गावांत विखुरलेली आहेत त्याला खडकावरचा नकाशा पुरत नाही. काम पसरले की प्रती आल्या, आणि प्रती आल्या की त्यांच्यामागे घोटाळाही आला.

मूळ नकाशाची किंमत काय असते हे जर्मनीतील कोलोन शहराच्या महामंदिराच्या कथेवरून कळते. या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची कोनशिला १२४८ साली बसली. सोळाव्या शतकात काम थांबले ते तीनशे वर्षे थांबलेलेच राहिले. अर्धवट बुरुजावर लाकडी यारी तशीच उभी होती. मधल्या फ्रेंच अमलाच्या धामधुमीत दर्शनी बाजूचा मूळ नकाशाही नाहीसा झाला. चर्मपत्राचे तुकडे जोडून केलेला हा नकाशा सुमारे चार मीटर उंचीचा होता. १८१४ साली त्याचा अर्धा भाग डार्मस्टाट गावी सापडला. तेथे त्यावर शेंगा वाळत घालीत असत असे सांगतात. उरलेला अर्धा दोन वर्षांनी थेट पॅरिसमध्ये मिळाला. दोन्ही अर्धे जुळले आणि मध्ययुगीन स्थपतीच्या मनात काय होते ते स्पष्ट झाले. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू होऊन १८८० मध्ये मंदिर पूर्ण झाले. दीडशे मीटरहून उंच असे त्याचे दोन्ही मनोरे त्या चर्मपत्रावरील रेषांच्या आधारे उभे आहेत. कोनशिलेपासून कळसापर्यंत ६३२ वर्षे लागली. एवढ्या काळात राज्ये आली आणि गेली, पण मूळ नकाशा प्रमाण मानावयाचा हे मात्र टिकले.

यंत्रयुगात प्रती काढणे सोपे झाले. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने लोहक्षारांच्या योगाने निळी छाप उठविण्याची युक्ती शोधली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीच युक्ती नकाशांच्या प्रती काढण्यासाठी सर्वत्र पसरली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असलेल्या त्या प्रतीवरूनच ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द रूढ झाला. पुढे अमोनिया प्रिंट आली. आपल्याकडील सरकारी बांधकाम खात्यांत आणि वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत तिचा उग्र वास ज्यांनी घेतला आहे त्यांना तो अजून आठवत असेल. मूळ ट्रेसिंग कपाटात कुलपाखाली, आणि कामावर जाईल ती प्रिंट, असा शिरस्ता असे. बदल झाला तर ट्रेसिंगवरील रेष ब्लेडने खरवडून नवी काढावयाची, कोपऱ्यातील रकान्यात बदलाचे अक्षर व तारीख घालावयाची, नव्या प्रिंटा काढावयाच्या आणि जुन्या प्रिंटा परत मागवून त्यांवर ‘रद्द’ असा शिक्का मारावयाचा. यांतील शेवटची गोष्टच बहुधा राहून जाई. रद्द झालेली प्रिंट गवंड्याच्या पिशवीत घडी होऊन पडलेली असे, आणि काम तिच्यावरूनच होई.

शिवाय वायरमनचा व प्लंबरचा नकाशा काढावयाचा तर प्रत्येक वेळी मूळ भिंती पुन्हा काढाव्या लागत. हे टाळण्यासाठी १९७० च्या दशकात अमेरिकेतील काही कचेऱ्यांनी एक नामी पद्धत काढली. पारदर्शक पॉलिस्टर फिल्मच्या वरच्या कडेला ठराविक अंतराने भोके पाडीत आणि ती टेबलावरील पट्टीच्या खुंट्यांत बसवीत. खाली मूळ नकाशाची फिल्म, तिच्यावर विजेची, तिच्यावर पाण्याची. खुंट्यांमुळे सगळ्या फिल्मा तंतोतंत एकमेकींवर बसत. हवी ती फिल्म ठेवावी, नको ती काढावी. मूळ भिंती एकदाच काढावयाच्या आणि बाकीच्यांनी त्यांच्यावर आपले काम ठेवावयाचे. आजची संगणकाची पद्धत हिच्याच वाटेने पुढे गेलेली आहे.

संगणकावर रेषा काढण्याचा आरंभ त्याआधीच झाला होता. १९६३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली तयार केली. प्रकाशलेखणीने संगणकाच्या पडद्यावर चित्र काढता येऊ लागले. हेही आश्चर्यच, पण त्याहून मोठी कल्पना निराळी होती. सदरलँड यांनी एक मूळ आकृती ठेविली आणि ती चित्रात अनेक ठिकाणी वापरण्याची सोय केली. मूळ आकृती बदलली की तिच्या साऱ्या आवृत्त्या आपोआप बदलत. म्हणजे प्रती काढावयाच्याच नाहीत, सर्व जागी मूळच दिसावयाचे! खडकापाशी येण्याऐवजी तोच खडक प्रत्येकाच्या दारी नेण्याची ही किमया होती.

१९८२ साली आटोकॅड ही प्रणाली निघाली आणि टेबलावर मावणाऱ्या संगणकावर नकाशे काढणे लहान कचेऱ्यांनाही परवडू लागले. पण गंमत अशी की सोय वाढली तसा जुना रोगही बळावला. पूर्वी प्रत काढावयास कागद, अमोनिया व पैसे लागत, आता एका क्षणात फाईलची नक्कल होई. प्रत्येक सल्लागार वास्तुविशारदाची फाईल नकलून घेई आणि आपल्या रेषा त्यातच काढी. महिन्याभराने खांबाची जागा बदलली की पाच कचेऱ्यांत पाच निरनिराळे खांब उभे! फाईलच्या नावापुढे ‘फायनल’, मग ‘फायनल दोन’, मग ‘नवीन फायनल’ असे लिहून हा घोटाळा मिटत नाही, हे ज्यांनी हे काम केले आहे ते सांगतील.

१९९० साली आटोकॅडच्या अकराव्या आवृत्तीत यावर उपाय आला. त्याला ‘एक्सरेफ’ म्हणतात, म्हणजे बाह्य संदर्भ. वायरमनच्या फाईलमध्ये भिंती नसतातच. मूळ नकाशाची फाईल अमुक जागी आहे, ती येथे दाखवावी, एवढी सूचना तीत असते. फाईल उघडली की त्या क्षणी मूळ नकाशाचे जे ताजे रूप असेल ते पडद्यावर येते. कोणी आधीच फाईल उघडून बसला असेल आणि मधल्या वेळात मूळ बदलले, तर तशी सूचना मिळते व त्याने संदर्भ पुन्हा भरून घ्यावयाचा असतो. समजा, प्रदक्षिणेला जागा हवी म्हणून सभामंडपाच्या खांबांची ओळ अर्धा फूट मागे घेण्याचे ठरले. तो बदल मूळ फाईलमध्ये एकदाच केला की विजेच्या, पाण्याच्या व फरशीच्या नकाशांत खांब सरकलेलेच दिसतात. मात्र वायरमनने जुन्या खांबावर दाखविलेला दिवा आपोआप सरकत नाही. तो हवेत लोंबकळताना दिसतो. हा दोष नव्हे, हाच उपयोग होय. चूक भिंत बांधून झाल्यावर दिसण्याऐवजी पडद्यावर दिसते.

ही व्यवस्था नीट चालावी म्हणून काही पथ्ये पाळावी लागतात, आणि बहुतेक कामे बिघडतात ती पथ्ये मोडल्यामुळे. पहिले असे की सर्वांनी मोजणीचा आरंभबिंदू एकच धरावयाचा. मंदिरात गाभाऱ्याच्या मध्यरेषेवरून सारी मापे घेतात तसेच हे आहे. एकाने निराळा बिंदू धरला तर त्याच्या नळ्या शेजारच्या शेतात जाऊन पडतात. दुसरे असे की मूळ फाईल एकाच कचेरीच्या ताब्यात असावी आणि एका वेळी एकानेच तीत हात घालावा. इतरांनी ती पाहावी, बदलू नये. वायरमनला कोरीव कामाच्या रेषांची अडचण होत असेल तर त्या स्तरापुरत्या आपल्या फाईलमध्ये लपविण्याची सोय आहे. त्यासाठी मूळ नकाशा खोडण्याचे कारण नाही. आणि चालू मूळ फाईलचे नाव कधीही बदलू नये. वरकरणी हे उलट वाटते, कारण तारीख घालून नवे नाव देणे हीच काळजी असा सर्वसाधारण समज असतो. पण नाव बदलले की बाकीच्यांचे संदर्भ जुन्या फाईलकडेच पाहत राहतात, आणि ते जुने आहे हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. तारीख घालावयाची ती बाजूला काढून ठेवलेल्या जुन्या प्रतीला. चालू फाईलचे नाव स्थिर ठेवावयाचे.

जीर्णोद्धारात आणखी एक पेच असतो. नव्या बांधकामाचा नकाशा एकच, पण जीर्णोद्धाराचे तीन: आज काय आहे, त्यातले काय काढावयाचे आहे आणि नवे काय घालावयाचे आहे. हे तीन नकाशे स्वतंत्र काढले तर जुन्या मोजणीत एक दुरुस्ती निघाली की ती तीन ठिकाणी करावी लागते आणि एका ठिकाणी हटकून राहते. म्हणून जाणकार तिन्ही एकाच मूळ नकाशात निरनिराळ्या स्तरांवर ठेवतात आणि छापताना हवे ते स्तर दाखवितात. राखावयाचा जुना खांब आणि काढावयाची जुनी भिंत यांत गफलत झाली तर शेकडो वर्षांचे काम एका सकाळी मोडले जाईल, आणि ते कोणत्याही देणगीने परत येणार नाही.

बदलांची नोंद ठेवण्याची रीत मात्र ग्रामीण माणसाला शिकवावी लागत नाही. सातबारा उताऱ्यावर नाव सहजासहजी बदलत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते, तिला क्रमांक पडतो, नोटीस निघते, अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मगच उताऱ्यावर बदल दिसतो. नकाशाच्या कोपऱ्यातील बदलांचा रकाना म्हणजे दुसरे काय? बदलाचे अक्षर, तारीख, काय बदलले आणि कोणाच्या सांगण्यावरून. नकाशावर त्या जागेभोवती ढगासारखी रेष काढतात, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा तेथेच जातो. आटोकॅडच्या २०१९ या आवृत्तीपासून तर दोन फाईली एकमेकींशी ताडून फरक रंगाने दाखविण्याची सोय झाली आहे. नाथांना जे काम ओळ ओळ वाचून करावे लागले त्याचाच हा यांत्रिक अवतार म्हणावयास हरकत नाही. पण फरक दाखविणे वेगळे आणि त्यांतले खरे कोणते हे ठरविणे वेगळे. ते काम माणसालाच करावे लागते.

ही शिस्त सुटली तर केवढा अनर्थ होतो याचे उदाहरण कोणा गरीब गावात नव्हे, युरोपातील विमानाच्या कारखान्यात घडले. एअरबस कंपनीचे ए-३८० हे दुमजली प्रवासी विमान निरनिराळ्या देशांत भागाभागांनी तयार होऊन फ्रान्समधील तुलूझ येथे जुळविले जाई. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा असत. जर्मनीतील हँबुर्ग येथील अभियंते कॅटिया या प्रणालीची चौथी आवृत्ती वापरीत होते, तर फ्रान्समधील अभियंते पाचवी. दोन्ही आवृत्त्यांत नकाशांची देवाणघेवाण बिनचूक होत नव्हती. तारांचे मार्ग व वळणे यांच्यात सूक्ष्म फरक पडला आणि हँबुर्गहून आलेले तारांचे जुडगे विमानात ओवावयास घेतले तेव्हा काही तारा काही सेंटिमीटर आखूड भरल्या. शेकडो माणसे हाताने तारा बसवीत राहिली. २००६ मध्ये विलंब जाहीर झाला, कंपनीच्या मातृसंस्थेच्या शेअरचा भाव एका दिवसात चतुर्थांशाहून अधिक घसरला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडावयास ऑक्टोबर २००७ उजाडला. तारा आखूड करणारा कोणी कामचुकार नव्हता. प्रत्येकाने आपल्यासमोरचा नकाशा प्रामाणिकपणे पाळला होता.

अलीकडे नकाशे भ्रमणध्वनीवर, व्हॉट्सॲपच्या समूहावर पाठविले जातात. पाथरवटाला कामाच्या जागी नकाशा चटकन मिळतो, ही सोय मोठीच. पण तेथे पाठविलेले चित्र मूळ फाईलशी बांधलेले नसते. ते पाठविल्या क्षणाचे रूप असते आणि तसेच गोठून राहते. दोन महिन्यांपूर्वीचे चित्र आणि कालचे चित्र पडद्यावर सारखेच दिसते. रद्द प्रिंट गवंड्याच्या पिशवीतून आता खिशातल्या फोनमध्ये आली आहे, इतकेच. म्हणून दगड घडाईस घेण्यापूर्वी नकाशाच्या कोपऱ्यातील बदलाचे अक्षर वास्तुविशारदाला फोन करून विचारून घेणे, हा दोन मिनिटांचा खटाटोप जुन्या कारागिरांना पटतो. नव्यांना तो पटवून द्यावा लागतो.

काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्षात जसे बांधले गेले तसा शेवटचा नकाशा करावा लागतो, कारण कागदावर ठरलेले आणि जागेवर झालेले यांत थोडाफार फरक पडतोच. या वेळी मात्र सर्व बाह्य संदर्भ मूळ फाईलमध्ये कायमचे मिसळून एकच पूर्ण फाईल करतात. चालू कामात असे केले तर ते घातक ठरते, पण काम संपल्यावर तेच योग्य, कारण पन्नास वर्षांनी संदर्भाच्या फाईली कोठे असतील याचा भरवसा नाही. तिच्याबरोबर कागदावर छापलेला एक संचही ठेवतात. पायाची खोली, शिखराच्या आत घातलेल्या गजांची जागा, तीर्थाच्या पाण्याची नळी जोत्याखालून कोठून गेली, विजेची तार कोणत्या भिंतीतून वर चढली, हे सारे त्यात असते. पुढे कधी गळती निघाली, तर फरशी कोठे उकलावयाची ते त्या नकाशावरून कळते.